घवघवीत यशाचा स्कोअर

पालघर-बोईसरकडच्या साप्ताहिकांत थंडीच्या दिवसांत एक बातमी ठरलेली असते. मथळा : 'राज्यस्तरीय स्पर्धेत अमुक महाविद्यालयाचे घवघवीत यश'. खाली फोटो. मधोमध संस्थेचे अध्यक्ष, उजव्या हाताला प्राचार्य, डाव्या हाताला प्रायोजक, प्रायोजकाच्या बाजूला प्रायोजकाचा मेहुणा. खेळाडू मागच्या रांगेत, अध्यक्षांच्या खांद्यावरून डोकं काढून. बातमीत अध्यक्षांचं नाव वडिलांच्या नावासकट, त्यांच्या शुभेच्छा, आणि 'खेळामुळे शरीर व मन सुदृढ राहते' हे त्यांचं मौलिक मार्गदर्शन. दोनदा वाचली तरी एक बारीक शंका उरते. फायनल कितीने जिंकली?

ते नसतं. हरलेल्या संघाचं नावही नसतं. घवघवीत यश कोणाविरुद्ध मिळालं हे बहुधा गुपित असावं.

हल्ली या बातम्यांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही दिसायला लागलेत, म्हणून हा विषय. कोणी म्हणेल, आमच्या मासवण गावात कुठला आलाय बेसबॉल? खरंय. आमच्या शेतांत भातकापणी झाली की क्रिकेट उगवतं, दुसरं काही उगवत नाही. पण शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि आपल्याला स्वतःची जिल्हा पातळी मिळाली. आधी हरायला ठाण्याला जावं लागे, आता घरच्या घरी हरता येतं.

कॉलेजात गेलं की मुंबई विद्यापीठ. १८५७ चं विद्यापीठ, सात जिल्ह्यांचा पसारा, वर तलासरी तर खाली सिंधुदुर्ग. कॉलेजं झोनमध्ये वाटलेली. तिथे डोळ्यात भरलात की विद्यापीठाच्या संघात, आणि मग भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, भरवते त्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला. या संस्थेने देशाचेही विभाग पाडलेत. आपण पश्चिमेला, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याच्या पंगतीत. रचना झकास आहे. कागदावर आपली कुठलीच रचना वाईट नसते.

अमेरिकेत कॉलेजांच्या अशा गटांना कॉन्फरन्स म्हणतात. तिकडच्या दक्षिणेकडल्या विद्यापीठांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स आहे, सध्या १६ विद्यापीठांची. कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेला देशभरातून ६४ संघ निवडतात, सोळा ठिकाणी चार-चार लढतात, चाळून चाळून आठ उरतात आणि ते आठ नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात जातात. १९५० पासून ओमाहाच. साउथईस्टर्नवाल्यांनी २०१९ पासून २०२५ पर्यंत विजेतेपद दुसऱ्या कोणाला दिलेलंच नाही : व्हँडरबिल्ट, मिसिसिपी स्टेट, ओल मिस, एलएसयू, टेनेसी, परत एलएसयू. मधे २०२० साली कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही, नाहीतर तेही नेलं असतं. सर्वांत जास्त विजेतेपदं मात्र सदर्न कॅलिफोर्नियाची, बारा. त्यातलं शेवटचं १९९८ चं. त्या फायनलचा स्कोअर २१-१४, समोर अ‍ॅरिझोना स्टेट.

हे सगळं बोईसर स्टेशनबाहेर कटिंग संपायच्या आत मोबाईलवर सापडतं. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजने गेल्या महिन्यातली फायनल कितीने मारली, हे मात्र टपरीवाल्याचं दूध संपलं तरी सापडत नाही.

थोरले जॉर्ज बुश येल विद्यापीठाकडून पहिल्या बेसवर खेळायचे. १९४७ साली ही राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा भरली, येल फायनलला गेलं आणि कॅलिफोर्नियाकडून हरलं. १९४८ साली बुश कर्णधार. पुन्हा फायनल, पुन्हा हार, या वेळी सदर्न कॅलिफोर्नियाकडून. पुढे माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण त्या दोन हारी काही पुसता आल्या नाहीत. कोणीही उठावं आणि बघावं. आपल्याकडे एखादे आमदार व्यासपीठावरून म्हणतात, 'मीसुद्धा एके काळी विद्यापीठाचा खेळाडू होतो.' आपण टाळ्या वाजवतो. दुसरं करणार काय? कुठल्या वर्षी, कोणाविरुद्ध, किती केल्या, हे तपासायची सोय ना आपल्याकडे, ना त्यांच्याकडे.

या नोंदीच्या वेडाचं मूळ क्रिकेटमध्ये आहे, हे आपल्या लोकांनी जरा कॉलर ताठ करून ऐकावं. हेन्री चॅडविक नावाचा इंग्रज, १८२४ साली एक्झिटरला जन्मलेला. पोरवयातच अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. पुढे त्याला बेसबॉलचा नाद लागला. पण धावफलकाची सवय झालेला माणूस. 'मॅच रंगतदार झाली' एवढं लिहून त्याचं पोट भरेना. कोणी किती रन काढल्या, कोणी कोणाला बाद केलं, याचा आडवा-उभा तक्ता त्याने १८५९ मध्ये छापला. तिथून तो खेळ आकड्यांनी लिहिला जाऊ लागला.

बेसबॉलच्या स्कोअरबुकाचं एक पान डोळ्यांसमोर आणा. डावीकडे नऊ नावं, वर इनिंगचे आकडे, आणि प्रत्येक बॅटरला प्रत्येक इनिंगसाठी एक चौकट. चौकटीत एक बारीक डायमंड. चार कोपरे म्हणजे चार बेस, मैदानावर एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. बॅटर पहिल्या बेसला पोचला की डायमंडची एक बाजू पेन्सिलने गडद करायची. फिरून घरी आला, चारही बाजू गडद झाल्या, की रन. मैदानातल्या नऊ जागांना नऊ आकडे : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि लांबचे तिघे ७, ८, ९. आता चौकटीत ६-४-३ लिहिलेलं दिसलं तर काय झालं? सरपटत आलेला चेंडू शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवाल्याला दिला, तिथे एक गेला; त्याने तसाच वळून पहिल्या बेसला फेकला, तिथे दुसरा गेला. तीन आकड्यांत तीन पोरं, दोन थ्रो आणि दोन बळी. इंग्रजी 'के' लिहिला की स्ट्राइकआउट. तोच 'के' आरशातल्यासारखा उलटा लिहिला, तर शेवटच्या चेंडूला बॅटरने बॅट फिरवलीच नाही, नुसता बघत उभा राहिला. गडी कसा गेला ते तर कळतंच, त्याने हात तरी उचलला होता का तेही सत्तर वर्षांनी कळतं.

यासाठी लागतं काय? वही, पेन्सिल, खोडरबर आणि मॅच संपेपर्यंत एका जागी बसणारा, मोबाईल खिशात ठेवू शकणारा एक इसम. शेवटची अट अवघड आहे, मान्य. पण सगळा खर्च धरला तरी अध्यक्षांच्या शालीपेक्षा कमीच.

आमच्या भागात मोजमापाची आवड नाही असं मात्र कोणी म्हणू नये. मासवणला सूर्या नदीवर पंप बसवलेत. धामणी धरणातून सुटलेलं पाणी इथे उचलायचं, धुकटणला शुद्ध करायचं आणि वसई-विरारच्या नळांना पोचवायचं. सगळा कारभार दशलक्ष लिटरमध्ये चालतो. पंप बंद पडला की किती पाणी कमी गेलं याची बातमी आकड्यासकट वसईच्या पेपरात. तिकडे तारापूरला अणुशक्ती केंद्र, १९६९ पासून चालू, पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. (अणुभट्टी आणली, बेसबॉल आणला नाही. बरंच झालं. उलटं झालं असतं तर अंधारात बेसबॉल खेळत बसलो असतो.) तिथे किरणोत्सर्गाच्या जागी काम करणाऱ्याच्या छातीवर बॅज असतो, भले तो ठेकेदाराकडचा मजूर असो. अंगावर किती मात्रा गेली ते त्या बॅजवरून मोजतात, लिहून ठेवतात. पाणी मोजतो, किरण मोजतो. आणि त्याच मजुराच्या पोरीने उद्या राज्य स्पर्धेत सेंटरफिल्डमधून कॅचरच्या हातात थेट चेंडू देऊन रन वाचवली, तर तेवढं एक मोजायचं राहून जातं. तिला गुच्छ कोणाच्या हस्ते दिला, ते राहत नाही.

त्याहून गंमत सांगतो. कापणी झालेल्या शेतात रोलर फिरवून आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. मांडव, कर्णा, पाण्याचे ड्रम, पहिल्या बक्षिसाला रोख आणि कुठे कुठे बोकड. कॉमेंट्री करणाऱ्याचा घसा दुपारीच बसलेला. पण मांडवात एका कोपऱ्यात बारावी नापास पोरगा मोबाईलवर अ‍ॅप उघडून बसलेला असतो आणि एकेक चेंडू टाकून घेतो. संध्याकाळी कुठल्या पाड्याच्या कुठल्या पोराने किती चेंडूंत किती मारल्या, स्ट्राइक रेट किती, झाडून सगळं हजर. गेल्या वर्षीचंही हजर. या टेनिसवाल्यांची स्ट्रीट प्रीमियर लीग मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सुरू झाली. गल्लीतली पोरं लिलावात विकली गेली. ज्या मंडळाची घटना नाही, ज्याचा खजिनदार दर वर्षी बदलतो (कारणं तुम्हाला ठाऊक आहेत), त्या मंडळाला जे जमतं, ते १८५७ च्या विद्यापीठाच्या छत्राखालच्या कॉलेजांना जमत नाही.

याच विद्यापीठाला एकेकाळी हे उत्तम जमत होतं, हे आणखी दुखणं. मुंबईचे अर्देशर दादाभाई बारिया यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, रोहिंटनच्या, आठवणीसाठी आंतरविद्यापीठ क्रिकेटला करंडक दिला. १९३५-३६ पासून तो खेळला जातोय आणि सगळ्यांत जास्त वेळा मुंबईने उचललाय. अजित वाडेकरांनी मुंबई विद्यापीठाकडून ३२४ केल्या, पुढे सुनील गावसकरांनी ३२७ करून तो विक्रम मोडला. तीन धावांचा फरक! स्कोअरबुक नसतं तर दोघांच्याही नावापुढे 'त्रिशतकी घवघवीत यश' लागलं असतं आणि विषय संपला असता. वाडेकरांचा किस्सा तर प्रसिद्धच आहे : बसमध्ये बाळू गुप्तेंनी विचारलं, कॉलेजच्या टीमला बारावा गडी होतोस का, मॅचमागे तीन रुपये मिळतील. इंजिनिअर व्हायला निघालेला पोरगा तीन रुपयांसाठी पाणी घेऊन मैदानात गेला आणि १९७१ ला वेस्ट इंडिज-इंग्लंड जिंकून आला. ते तीन रुपयेसुद्धा आपल्याला माहीत आहेत. क्रिकेटच्या मागे आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्यासारखी आयुष्यभर आकडे जपणारी माणसं मुंबईत होती. बेसबॉलच्या मागे शालीचा दुकानदार आहे.

शाळेच्या मॅचचीही नोंद ठेवायची का, असं कोणी विचारील. कल्याणच्या प्रणव धनावडेला विचारा. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी चषकाच्या आंतरशालेय मॅचमध्ये त्याने नाबाद १००९ केल्या आणि जगातल्या पेपरांत त्याचं नाव गेलं. का गेलं? कारण १८९९ साली इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजात कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने नाबाद ६२८ केल्या होत्या आणि कोणीतरी त्या लिहून ठेवल्या होत्या. त्या वहीत चूक असेल, असं तेव्हाचे लोकही म्हणायचे. असेना. चुकायला तरी वही होती. ती नसती तर आपल्या प्रणवला, एका रिक्षावाल्याच्या पोराला, मोडायला विक्रमच उरला नसता.

आणि आपला शार्दूल ठाकूर? पालघरजवळच्या माहीमच्या या पोराला प्रशिक्षक दिनेश लाडांनी पाहिलं ते तारापूर विद्यामंदिरकडून खेळताना. त्यांच्याच बोरिवलीच्या शाळेविरुद्ध त्याने ७८ धावा केल्या आणि पाच बळी घेतले. पुढे हॅरिस शील्डमध्ये एका ओव्हरमध्ये सहा सिक्स. आकडे पक्के आहेत म्हणून गोष्ट टिकली. जिथे आकडे नाहीत तिथे काय होतं तेही बघा. पालघरात 'शार्दूल शाळेत असताना डहाणू लोकलला माझ्याच शेजारी उभा असायचा, किट माझ्या पायावर' असं सांगणारे इतके भेटतात की बारा डब्यांच्या गाडीत मावायचे नाहीत. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली एप्रिल २०१३ मध्ये. शार्दूल तोवर मुंबईकडून रणजी खेळून चुकला होता. शाळेच्या वयात तो जायचा त्या गाड्या वेगळ्या. पण शेजारी मात्र सगळे हेच.

'नोंद असून काय मोठा दिवा लागतो?' या प्रश्नाला बेसबॉलमध्येच एक उत्तर आहे. २००८ मध्ये एका अमेरिकन एजंटाने भारतात टीव्हीवर चेंडू फेकायची स्पर्धा घेतली. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे भालाफेकवाले, बेसबॉल आयुष्यात हातात न घेतलेले, स्पीड गनसमोर उभे राहिले. रिंकूच्या चेंडूला गनने ताशी ८७ मैल दाखवले आणि त्याला एक लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक क्लबने दोघांशी करार केला. २०१४ मध्ये सिनेमाही आला. गन नसती तर दोघांबद्दल गावात एवढंच म्हटलं गेलं असतं की पोरं जोरात फेकतात. आमच्याकडची सगळीच पोरं जोरात फेकतात.

बरं, नोंद नको पण प्रमाणपत्र हवं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, परीक्षेत वाढीव गुण आहेत, म्हणून प्रमाणपत्राची फ्रेम करून देवघराशेजारी लावतात. त्यातून महाराष्ट्रात बोगस प्रमाणपत्रांचं पीक आलं. ट्रॅम्पोलिनवर कधी उडीही न मारलेले लोक ट्रॅम्पोलिनचे खेळाडू म्हणून नोकरीला लागल्याची प्रकरणं निघाली. असं पीक येणार नाही तर काय? क्रिकेटच्या मॅचचं खोटं प्रमाणपत्र काढायचं तर बावीस जणांचा हिशेब जुळवावा लागतो. स्कोअर नसलेल्या मॅचचं काढायला एक रबरी शिक्का पुरतो. सगळ्यांत वाईट फरफट होते खऱ्या पोरांची. विद्यापीठाकडून खरंच खेळून आलेली, प्रवासात जनरलच्या डब्यात किटवर झोपलेली पोरगी प्रमाणपत्र घेऊन उभी राहते, तेव्हा तिच्याकडेही तोच कागद, शेजारच्या भामट्याकडेही तोच कागद. तिचा ६-४-३ कुठे लिहिलेला नाही.

मग पडताळणी सुरू होते. क्रीडा खात्याच्या विभागीय कार्यालयात फाइल, संघटनेला पत्र, संघटनेचं उत्तर, आणि 'हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे का?' ही पृच्छा. बेसबॉलवाल्यांनी यावर काय सांगावं? १९९२ ला होता, २००८ नंतर काढला, टोकियोत घेतला, पॅरिसला नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसला परत आहे. तोवर उमेदवाराची वयोमर्यादा निघून जाते.

पडताळणी करणाऱ्या साहेबांना माझी एक फुकटची सूचना आहे. फाइल बाजूला ठेवा आणि उमेदवाराला समोर बसवा. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही जागतिक दर्जाचं करणारा म्हणून सध्या जपानचा शोहेइ ओहतानी एकटाच गाजतोय, एवढं फक्त डोक्यात ठेवा. मग विचारा, बाळा, तुझी जागा कुठली? खरा खेळाडू झोपेतून उठवला तरी सांगेल : शॉर्टस्टॉप, बॅटिंगला सातवा.

दुसरा म्हणेल, 'साहेब, मी ऑलराउंडर.'